सरळ टीप सगळ्यांना यायला हवी

निवडणूक जवळ आली की आमच्या चिखली-रुपीनगर-तळवडे भागात हळदीकुंकवाच्या मांडवात शिलाई मशीन येतं. लकी ड्रॉ असतो, पैठणी असते आणि ‘महिला सक्षमीकरण’ लिहिलेल्या फलकाखाली काळ्या डोक्याचं, सोनेरी नक्षीचं मशीन हार घालून उभं असतं. अशी मशीन मिळालेल्या बायका मी ओळखते. सहा महिन्यांनी त्यांच्या घरी जाऊन बघा. मशीनवर इस्त्रीला द्यायचे कपडे रचलेले असतात आणि पायडलवर मुलांचे बूट.

यात त्या बायकांचा काही दोष नाही. एका गल्लीत ब्लाउज शिवणारी आणि फॉल-पिको करणारी एखादीच चालते. त्याच गल्लीत वीस मशीन आली तर गिऱ्हाईक वीसपट होत नाही, दर मात्र पडतात. शिवाय ब्लाउज शिवणं हे वर्षानुवर्षांचं कसब आहे. कटोरी, मुंढा, गळा यात एक सूत इकडचं तिकडं झालं की गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही. मशीन वाटून धंदा उभा राहत असता तर पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक चाळीत एक बुटीक दिसलं असतं. वाटणाऱ्यांना हे कळत नाही असं मला वाटत नाही.

तरीही मशीन घरात असावं, या मताची मी आहे, पण त्यातून धंदा व्हावा म्हणून नाही. उशीचा अभ्रा, खिडकीचा पडदा, बाजाराची पिशवी, गादीची खोळ, चपातीचा रुमाल, पायपुसणं असल्या सरळ कडांच्या वस्तू घरच्या घरी व्हाव्यात म्हणून. एवढ्यासाठी कुठल्या क्लासची गरज नाही. सरळ टीप मारता आली, कापडाचा पन्हा कळला आणि माप घेता आलं की झालं. हे तीन धडे कुणी शिकवत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

मी मूळची इचलकरंजीची. वडील माग चालवायचे, मजुरी पिकावर. पीक म्हणजे आडवा धागा, जितके धागे पडले तितके पैसे. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी आमच्या गावात पहिला यंत्रमाग बसवला आणि नंतर गावाची झोपच त्या आवाजात व्हायला लागली. लग्नानंतर चिखलीत आले. पुढे चाकणच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागले आणि अजून तिथंच आहे. म्हणजे कापड विणलं जाताना लहानपणी पाहिलं आणि आता ते शिवून पोट भरते.

आमच्या लाइनवरचं काम बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. सीटचं कापड तीन थरांचं असतं. वर दिसणारं कापड, मध्ये फोमचा पातळ थर आणि खाली जाळीसारखं अस्तर. हे थर आधीच चिकटवून येतात, संगणकावर चालणाऱ्या कटरवर कापले जातात आणि मग आमच्याकडे येतात. ज्या सीटच्या कुशीत एअरबॅग असते तिची एक शिवण तर वेगळीच. अपघात झाला तर एअरबॅगनं तीच शिवण फाडून बाहेर यायचं असतं. म्हणून तिथला दोरा ठरलेला आणि टाक्यांची संख्याही ठरलेली. शिकून परीक्षा दिलेल्या कामगारालाच ती शिवण मारता येते, आणि कोणत्या पीसला कधी, कुठल्या मशीनवर ती पडली याची बारकोडवर नोंद राहते. टीप पक्की हवी आणि वेळ आली की उसवायलाही हवी, इतकं नाजूक काम आमची माणसं तीन पाळ्यांत करतात.

‘माणसं’ म्हटलं, कारण लाइनवर बाया आहेत तसे बाप्येही आहेत. लातूर-बीडकडचे, ओडिशाचे, बिहारचे. लेदरेटवर डबल टीप मारताना यांचा हात एक धागाही हलत नाही. आणि हीच पोरं नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे इथल्या भाड्याच्या खोल्यांत राहतात, तेव्हा खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं, नाहीतर खिळ्याला लुंगी टांगलेली. लातूरकडच्या एका पोराला मी विचारलं, ‘अरे, दिवसभर दुसऱ्याच्या गाडीला कपडे शिवतोस, स्वतःच्या खिडकीला का नाही?’ तर म्हणतो, ‘ताई, ते बायकांचं काम.’ कारखान्यात त्यालाच ऑपरेटर म्हणतात, त्याचा पगार मिळतो, बढती मिळते. घरात तेच काम बाईचं होतं आणि फुकट होतं. मी त्याला रविवारी घरी बोलावलं. माप घ्यायला लावलं, कापड आणायला लावलं आणि माझ्या मशीनवर बसवलं. पडदा चहा होईपर्यंत झाला. आता त्याच्या खोलीतले बाकीचे तिघे मशीन मागतात.

हा पडद्याचा हिशोब सांगते, कारण सगळं गणित त्यातच आहे. तयार पडदे येतात पाच, सात आणि नऊ फुटांत. भाड्याच्या खोलीची खिडकी साधारण चार बाय चारची. तिला पाच फुटी पडदा खाली लोंबतो आणि कॉटवर झोपणाऱ्याच्या तोंडावर येतो. त्याऐवजी 44 इंच पन्ह्याचं केसमेंट घ्यायचं. दोन पन्हे शेजारी लावले की 88 इंच झाले. खिडकीच्या पावणेदोनपट रुंदी, म्हणजे चुण्या नीट पडतात. लांबी 54 इंच, वर दांडीच्या नेफ्याला चार इंच आणि खाली दुमडीला तीन इंच, असे 61 इंच. दोन पन्ह्यांचे मिळून तीन मीटर आणि वर थोडं. कापड आटणार हे धरून सव्वातीन मीटर घ्या. बाजूच्या कडा किनारीच्या असतात, त्या दुमडायच्याही नाहीत. वर एक टीप, खाली एक टीप.

उशीच्या अभ्र्याचं गणित तर मला फारच आवडतं. आपली नेहमीची उशी 17 बाय 27 इंचांची. साधं पोपलिन येतं 36 इंच पन्ह्याचं. पन्हा मधोमध उभा कापला की 18-18 इंचांच्या दोन पट्ट्या. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की बरोबर 17 उरतात. लांबीला 27 दुणे 54, उशी आत सरकवायला सहा इंचांची झडप आणि दोन्ही टोकांच्या दुमडीला दोन इंच, म्हणजे 62. आटण्याचं धरून पावणेदोन मीटर कापडात दोन अभ्रे होतात, चेन नाही, बटण नाही आणि पन्ह्यातली चिंधीसुद्धा वाया जात नाही. पोपलिन आजही शंभर रुपयांच्या आत मीटर मिळतं. चादरीसोबत येणारे तयार अभ्रे स्वस्त वाटतात खरे, पण बहुतेक पॉलिस्टरचे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत त्यावर गाल टेकवून बघा.

आता कापड कुठून आणायचं? आमच्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे, पिंपरी कॅम्प. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांची ही वसाहत. जवळ हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती 1954 मध्ये, टेल्को आणि बजाज त्यानंतरचे, म्हणजे बाजार कारखान्यांच्याही आधीचा. शगुन चौक ते साई चौक या पट्ट्यात एका दिवसात लग्नाचा बस्ता बांधता येतो आणि त्याच दिवशी कटपीसच्या ढिगात हातही घालता येतो. दिवाळीच्या आधी मात्र जाऊ नका. त्या गर्दीत कापड दिसत नाही, फक्त माणसं दिसतात.

पुण्यात रविवार पेठेचा कापडगंज आहे, माल तिथंही भरपूर. पण चाकणहून तिकडे जायचं म्हणजे सुट्टीचा अख्खा दिवस आणि भाडं. दोन अभ्र्यांसाठी तो खर्च परवडत नाही.

ढिगातलं कापड स्वस्त का असतं, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं आणि दुकानदार सांगत नाही. मागावर ताका उतरला की तपासणारा डाग, तुटलेला ताणा, सुटलेलं पीक, तेलाचा ठिपका पाहतो. चांगला निघाला तर फ्रेश, नाहीतर सेकंड. मग उरलेले तुकडे त्यांच्या लांबीप्रमाणे कटपीस, फेंट आणि शेवटी चिंधी. शर्टाच्या छातीवर तेलाचा ठिपका चालत नाही, पण गादीच्या खोळीला त्यानं काय बिघडतं? म्हणून सपाट वस्तूंसाठी सेकंडचा माल घ्यावा आणि त्याची लाज वाटू देऊ नये. फक्त तुटलेला ताणा तेवढा बघा. कापड उजेडासमोर धरलं की तिथं बारीक उभी रेघ दिसते, पुढे तिथूनच फाटतं. आडवं पीक सुटलेलं असेल तर तो भाग दुमडीत घालता येतो.

‘भाभी, प्युअर कॉटन है’ यावर विश्वास ठेवायचा नाही. कडेचा एक धागा ओढून घ्या आणि घरी काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा, राख बोटात चुरते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. दोन्ही मिसळलेलं असेल तर जळतोही आणि चुरताना खडाही लागतो. मिसळीचं कापड वाईट नसतं, पडद्याला तेच बरं, लवकर वाळतं. पण तव्यावरून उतरलेली चपाती गुंडाळायला आणि गरम भांडं धरायला निव्वळ सुतीच हवं. पॉलिस्टर घाम टिपत नाही तसं वाफही टिपत नाही, आणि पातेल्याच्या कडेला वितळून हाताला चिकटलं तर फोड येतो.

आणि कोरं कापड आणलं की आधी रात्रभर पाण्यात टाका. खळ निघून जाते, आटायचं तेवढं आटतं. मांजरपाट तर चांगलंच आटतं. हा एक दिवसाचा धीर न धरल्यामुळेच ‘घरी शिवलेलं टिकत नाही’ अशी बदनामी झाली आहे.

विकत घ्यायच्या आधी मात्र घरातलं कपाट उघडा. मराठी घरात ओटीच्या ब्लाउजपीसचा गठ्ठा नाही असं घर मला अजून दिसलेलं नाही. हे पीस कुणी शिवत नाही. एकीच्या ओटीतून दुसरीच्या ओटीत जातात. आमच्या गल्लीतला एक आंब्याच्या कोयऱ्यांचा जांभळा पीस चार घरं फिरून परत माझ्याकडेच आला, कोपऱ्यावरच्या पेनच्या खुणेवरून ओळखला. त्याच्या मी फ्रीजमध्ये भाजी ठेवायच्या नाडीच्या पिशव्या केल्या आणि त्याची वारी संपवली. एका पिसात दोन पिशव्या सहज होतात. सुती निघाले तर चपातीचे रुमाल, नाहीतर पिशवीचं अस्तर.

दुसरं फुकटचं कापड म्हणजे कंपनीचा जुना युनिफॉर्म. या पट्ट्यात ज्या घरात तो नाही ते घर पाहुण्यांचं म्हणायचं. टेरिकॉटची राखाडी पँट गुडघ्यावर झिजते, खालचा पाय नवा राहतो. पायाचा तो नळा कापा, तळाला टीप मारा, कंबरपट्ट्याचे बंद करा, डबा आणि पाण्याची बाटली न्यायची पिशवी तयार. शर्टावरचं कंपनीचं नाव तेवढं उसवून टाकावं, उगाच कुणाला विचारायला निमित्त नको. जुन्या सुती साड्यांचं झबलं, टोपडं, दुपटं होतं ते वेगळंच. पूर्वी बोहारीण यायची, साड्या घेऊन भांडं द्यायची. आता घासाघीस करायला दुपारी कोण घरी असतं? साडी घंटागाडीत जाते आणि मोशीच्या डेपोला पोचते. तिथं 1 ऑगस्ट 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. वर्षाला अडीच लाख टन कचरा त्यात वापरायचा आहे. वीज व्हावी, चांगलंच आहे. पण नऊवारी सुती लुगडं जाळण्याआधी निदान त्याची फडकी तरी करा.

वाकळीबद्दल मी लिहीत नाही. ते हातशिलाईचं, धावदोऱ्याचं काम, त्याला माणसाचे महिने जातात. ज्यांच्याकडे महिने आहेत त्यांनी जरूर शिवावी.

‘एवढी कटकट कशाला, सगळं तयार मिळतं’ असं सुना म्हणतात आणि त्यांचं काही बाबतीत खरं आहे. शर्ट घरी शिवू नका. कारखान्यातला शर्ट कॉलर, कफ आणि काजासकट ज्या भावात मिळतो त्या भावात घरी दोरा-बटणं आणि डोकेदुखी येते. डबल बेडची चादर घरी शिवायची तर साध्या पन्ह्याला मधून जोड द्यावा लागतो. सोलापूर बसलंय त्यासाठी. सलवार-कुर्ता ज्याला येतो त्यानं शिवावा. झारापकरांचं पुस्तक घेऊन मीही एकेकाळी मुंढ्याचे आकार गिरवलेत, ती विद्या मोठी आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण घर चालवायला ती लागत नाही. जिथं अंगाचा आकार येतो तिथं शिंप्याकडे जा, जिथं चौकोन येतो तिथं स्वतः बसा. माझा नियम एवढाच.

वेळेचं म्हणाल तर खरी अडचण शिवण्याला लागणाऱ्या वेळेची नसते, मांडामांडीची असते. दहा बाय बाराच्या खोलीत मशीन काढायचं, दोरा ओवायचा, बॉबीन भरायची, आणि तेवढ्यात पाण्याची वेळ होते. म्हणून माझं ठाम मत आहे की घरोघरी मशीन वाटू नका, सोसायटीत किंवा वस्तीतल्या समाजमंदिरात दोन मशीन कायम मांडून ठेवा. तेल घातलेली, दोरा ओवलेली. काळ्या डोक्याचं साधं मशीन नीट तेल मिळालं तर दोन पिढ्या चालतं, वर्तमानपत्रात चमकायला ते दरवर्षी नवं लागतं इतकंच. एका मांडवात वाटलेल्या मशिनींच्या पैशांत दहा वस्त्यांची सोय होईल.

सरकारी योजनांबद्दलही एक सांगते. मोबाइलवर ‘पंतप्रधान मोफत शिलाई मशीन योजना, लिंक भरा’ असे निरोप फिरतात. ते खोटे असल्याचं केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं जाहीर केलेलं आहे. आमच्या लाइनवरच्या बायांनीही त्यात आधार क्रमांक भरलेत. खरी आहे ती 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा. अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंपी आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पुढे पाच टक्के व्याजानं कर्ज. पण ती शिवणकाम हाच ज्यांचा धंदा आहे त्यांच्यासाठी. ज्याला अभ्रे शिवायचेत त्यानं तिच्या रांगेत उभं राहून खऱ्या शिंप्याची जागा अडवू नये.

पिशवीचं राहिलं. 23 मार्च 2018 ला महाराष्ट्रानं प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 आणि तीन महिने कैद. दंड एवढा जबर की महिनाभर सगळे कापडी पिशव्या घेऊन फिरले. मग बाजारात कापडासारखी दिसणारी, रंगीत, हातात खरखरीत लागणारी पिशवी आली आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ती कापडाची नाही, पॉलिप्रॉपिलीनची आहे, म्हणजे प्लास्टिकच, आणि 2018 च्या बंदीत तिचंही नाव होतं. काडी लावून बघा, वितळते. खरी पिशवी मांजरपाटाची. 36 इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडातून 15 इंचांचे दोन तुकडे कापायचे, प्रत्येक मधोमध दुमडायचा. तळाला शिवण येतच नाही आणि वरची कड किनारीची असल्यामुळे एकदाच दुमडायची. उरलेल्या नऊ इंचांतून तीन-तीन इंचांच्या पट्ट्या, त्यांचे बंद. एक मीटरात दोन पिशव्या होतात आणि एक पट्टी उरते. बंद जिथं जोडता तिथं चौकोन शिवून त्यात फुली मारा, पाच किलो कांदे निमूटपणे नेते. चाकणच्या बाजाराजवळ राहणाऱ्याला कांद्याचाच हिशोब करावा लागतो.

हे शाळेत का शिकवू नये? 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत, हातानं काम शिकायला. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या शाळांनी त्यातले दोन दिवस मुलं आणि मुली दोघांना पिशवीसाठी द्यावेत. एका दिवशी मोजणं आणि कापणं, दुसऱ्या दिवशी टीप. अपूर्णांक, परिमिती, इंचाचं सेंटीमीटर हे सगळं त्यात येतं. फळ्यावर पुसलं जातं, तसं पिशवीत पुसलं जात नाही. वाकडं कापलं तर ती वाकडीच लटकते. ज्या मुलाला पुढे आयटीआयला फिटर व्हायचंय त्यालाही हा धडा उपयोगी, आणि मोठेपणी त्याच्या खिडकीला वर्तमानपत्र लागणार नाही.

शेवटी माझ्या पोटावर पाय येऊ शकेल असं एक बोलते. सीट शिवणाऱ्या कारखान्यांत कटरच्या खाली रोज तुकडे पडतात. लेदरेटचे, फोम लावलेल्या कापडाचे. त्यातले काही हाताच्या पंजाएवढे, काही चांगले वीतभर. गेटवर झडती असते, त्यामुळे कामगार एक तुकडाही नेऊ शकत नाही आणि नेऊ नये, तो कंपनीचा माल आहे. भंगार ठेकेदाराकडे किलोवर जातं. तीन थर एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे ते वेगळे करून पुन्हा धागा करणं अवघड, म्हणून बहुतेक जळणातच जातं. कुदळवाडीच्या गोदामांत असला माल किती साठायचा हे आम्ही येता-जाता पाहिलंय. डिसेंबर 2024 मध्ये तिथं मोठी आग लागली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेनं ती गोदामंच पाडली. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक यात मी जात नाही. प्रश्न एवढाच की तुकडे अजून रोज पडतातच.

वीतभर लेदरेटची पायपुसणी, स्टुलाची कव्हरं, हत्यारांच्या पिशव्या, दुचाकीच्या सीटची आच्छादनं उत्तम होतात. सोळा-अठरा नंबरची सुई लावली तर घरचं मशीनही दोन थर ओढतं, तिसऱ्याचा हट्ट धरू नये. आमच्या पट्ट्यात बचतगट आहेत, आणि वर सांगितलेल्या समाजमंदिरांत मशीन मांडली तर जागाही आहे. कंपन्यांकडे मी देणगी मागत नाही. सामाजिक जबाबदारीच्या निधीतून आणखी मशीन वाटा असंही म्हणत नाही, कृपा करून ते नकोच. भंगाराची निविदा काढताना तीत एक अट घाला: वीतभराच्या वरचे तुकडे वेगळे काढून, ठेकेदाराला ज्या दरानं देता त्याच दरानं, आधी जवळच्या नोंदणीकृत बचतगटाला विचारायचं. गट नाही म्हणाला तर ठेकेदार आहेच. कंपनीचं यात एका रुपयाचंही नुकसान नाही.